पत्नी आजारी असल्याने

मास्तरकीत वीसच्या वर वर्षं गेली माझी, आणि या सगळ्या वर्षांत मी रजेचा अर्ज एकाच साच्यात लिहीत आलो. 'वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करतो की, माझी पत्नी आजारी असल्याने मी आज शाळेत उपस्थित राहू शकत नाही.' हे काही माझं एकट्याचं कर्तृत्व नाही. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आजूबाजूच्या शाळांतल्या, निम्म्या मास्तरांच्या बायका कागदावर कायम अंथरुणाला खिळलेल्या आहेत. भाताची लावणी आली, बायको आजारी. मेहुण्याला मुलगी बघायला जायचंय, बायको आजारी. साहेबही काही विचारत नाहीत, कारण साहेब मास्तर होते तेव्हा त्यांचीही बायको आजारीच असायची. इकडे आमची बाई विहिरीवरून भरलेले दोन हंडे डोक्यावर घेऊन यायची आणि मी ओटीवर बसून कागदावर तिला ताप आणायचो. तिला ते ठाऊक होतं. हसायची. "आज काय झालंय मला?" असं विचारायची.

हे आधी सांगतो, कारण पुढं जे घडलं ते इथूनच सुरू झालं. ठरवून खोटं बोललो असतो तर निदान तसं म्हणता तरी आलं असतं. हाताला सवयच होती.

गेल्या वर्षी भाताची कापणी झाली आणि मला काहीतरी झालं. दिवाळीनंतर आमच्या शाळेतली निम्मी पोरं आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात. दर वर्षी मी शाळेच्या पाड्यावर घरोघर फिरून भांडतो, पोराला आजीजवळ ठेवा म्हणून हातापाया पडतो, दोन-चार तरी थांबवतोच. त्या वर्षी मी खुर्चीतून उठलो नाही. पोरं गेली तशी जाऊ दिली. मला त्याचं काही वाटलं नाही, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटलं नाही. मग झोप गेली. भाकरी घशाखाली उतरेना. फळ्यावर बेरजेचं गणित लिहिता लिहिता रडू यायला लागलं. मी फळा पुसायचं निमित्त करून वर्गाकडं पाठ फिरवायचो आणि पुसतच राहायचो. आमच्या शाळेचा फळा इतका स्वच्छ कधी नव्हता.

कारण असतं तर सोपं गेलं असतं. कोणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं. मुलगी नाशिकला शिकतेय, घर पक्कं आहे, आईबाप सुखानं म्हातारे होऊन गेले. एवढं सगळं बरं असताना रडणारा माणूस म्हणजे नाटकीच. दुसऱ्या कोणाला असं झालं असतं तर मी तोंडावर म्हणालो असतो, "कामाला लाग, आपोआप बरं वाटेल." म्हणालोही आहे, आणि एकदा नाही.

एक दिवस दुपारी बायकोनं मला विहिरीच्या काठाशी पाहिलं. हातात बादली नाही, दोर नाही. "काय करताय इथं?" म्हणाली. मी म्हणालो, "काही नाही." तिनं माझं बोट धरलं आणि घरी घेऊन आली.

बोट धरून आणायची तिला सवय आहे. ती आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. सेविका शिकवते, नोंदी ठेवते. ही खिचडी शिजवते, पोरांची नाकं पुसते, आणि सकाळी घरोघर जाऊन पोरांना गोळा करून आणते. हे तिचं आवडीचं काम. एका पोरानं हिचं बोट धरायचं, त्याचं दुसऱ्यानं, त्याचं तिसऱ्यानं. अशी दहा-बारा पोरांची माळ घेऊन ती आमच्या दारावरून जाते तेव्हा शेवटचं पोर अजून मागच्या वळणावर असतं. आया चुलीपुढून नुसती हाक देतात, "बाई आली, जा रं." कोणी उठून बघायलाही येत नाही. तिच्या हाती पोर दिलं म्हणजे झालं.

तिलाच अंगणवाडीत आलेल्या नर्सबाईकडून कळलं की जव्हारच्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या वारी मानसोपचाराचे डॉक्टर बसतात. तिनं मला सांगितलं आणि मी तिच्यावर खेकसलो. "मला वेड लागलंय काय?" ठाण्याला वेड्यांचं इस्पितळ, त्यामुळं आमच्याकडं 'याला ठाण्याला न्या' म्हटलं की पुढचं बोलावं लागत नाही, लहान पोरालाही कळतं. माझ्या डोळ्यांपुढं हेच आलं. गजांची खिडकी, डोक्याला वायरी, आणि दाराबाहेर माझेच विद्यार्थी उभे.

आणि गंमत बघा. वीस वर्षं मी त्याच पाड्यावर घसा फोडून सांगत आलो, भगताकडं जाऊ नका, डॉक्टरकडं चला, त्यात लाजायचं काय. पाड्यावरची माणसं भगताकडं दिवसाउजेडी जायची, कोंबडं काखेत मारून, सगळ्यांना सांगून. मी मात्र डॉक्टरकडं जायचं म्हणून आठ दिवस तोंड लपवत होतो. शेवटी तिनं चूल पेटवली नाही. "तुम्ही जेवत नाही, मी कोणासाठी रांधू?" म्हणाली. मग मी अर्ज लिहिला. माझी पत्नी आजारी असल्याने. लिहून झाल्यावर फोटो काढून केंद्राच्या ग्रुपवर टाकला. 'काळजी घ्या सर' असे आठ-दहा हात जोडलेले निरोप आले.

खोडाळ्याहून आम्ही दोघं जीपमध्ये बसलो. समोरच्या बाकावर आमच्याच आळीतली एक आजी, नातवाचा कान फुटला म्हणून त्याला दाखवायला निघालेली. तो नातू अंगणवाडीतलाच. चढल्या चढल्या तो हिच्या मांडीवर येऊन बसला, आजीकडं गेलाच नाही. मोखाडा येईपर्यंत गप्पा झाल्या, नागली कोणाची किती झाली, कोण कुठं कामाला गेलं. मग आजीनं विचारलं, "गुरुजी, कुनाला बरं नाय? कुठं निघालात दोघं?"

"हिला," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. तोंडातून आलं ते सरळ अर्जातलंच आलं. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता हसेल, 'आज काय झालंय मला?' म्हणेल. ती हसली नाही. पोराच्या कानातला कापूस नीट केला आणि बाहेर बघत बसली.

जव्हारला केसपेपरच्या खिडकीशी रांग होती. माझा नंबर आला. आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "नाव?" मागं दहा माणसं. त्यात एक ओळखीचा ग्रामसेवक. मी बायकोचं नाव सांगितलं. वय तिचं सांगितलं. "कुणाला दाखवायचंय?" मी खिडकीत तोंड घालून हळू म्हणालो, "मानसोपचार." त्यानं शिक्का मारला आणि मोठ्यानं म्हणाला, "मानसोपचारवाले शेवटच्या खोलीकडं." सगळ्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडं पाहिलं. आणि मी काय केलं? कागद बायकोच्या हातात दिला.

शेवटच्या खोलीबाहेर बाकडं होतं. मला वाटलं होतं तिथं फाटक्या कपड्यांची, एकटी हसणारी माणसं असतील. कसलं काय. एक कॉलेजची मुलगी पुस्तक वाचत होती. एक एसटीचा कंडक्टर गणवेशातच बसला होता, बहुतेक ड्यूटीवरून आलेला. एक बाई तान्ह्या पोराला पाजत होती आणि तिची सासू तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. एक म्हातारा फिट येतात म्हणून आलेला. कोणीच वेडं दिसत नव्हतं आणि मला त्याचाच राग आला. वेडी असती तर मी त्यांच्यातला नाही, असं म्हणता आलं असतं.

शिपाईबाईनं दारात येऊन नाव पुकारलं. माझ्या बायकोचं नाव, आडनावासकट, खणखणीत. नेमकी तेव्हाच ती आजी नातवाला घेऊन त्या व्हरांड्यातून चालली होती. ती थबकली. तिनं आमच्याकडं बघितलं, मग दारावरच्या पाटीकडं. वाचता येत नसलं तरी त्या खोलीत कोण बसतं हे तिला कोणीतरी आधीच सांगितलेलं असणार. उठायला हवं होतं मी. मी बाकड्याला चिकटून बसलो. बायको उठली, पदर सारखा केला आणि आत गेली. मी मागून गेलो, सोबतीला आल्यासारखा.

डॉक्टर बाई होत्या, माझ्या पहिल्या तुकडीतल्या पोरींच्या वयाच्या. टेबलाजवळ एक स्टूल, त्यावर बायको बसली. मी भिंतीला टेकून उभा. वायरी नव्हत्या, पलंग नव्हता. टेबल, पंखा, गोळ्यांचे खोके.

"काय त्रास होतो ताई?"

तिनं सांगायला सुरुवात केली. झोप येत नाही, पहाटेच जाग येते आणि मग नुसतं आढ्याकडं बघणं. जेवण गेलं. कशात मन नाही, पोरं भट्टीवर गेली तरी काही वाटलं नाही. वर्गात रडू येतं, कोणाला दिसू नये म्हणून फळा पुसायचा. मी हे तिला कधी सांगितलं नव्हतं. फळ्याचं तिला कसं कळलं? बाह्यांना खडूची धूळ आणि डोळे पुसल्याचे डाग असलेले माझे शर्ट धुते ती, तिला कोण सांगायला हवं. मग म्हणाली, "आणि मध्ये एकदा विहिरीवर. हातात बादली नव्हती."

ती बोलत होती आणि डोळे माझे वाहत होते. शर्टाची बाही तोंडावर धरून मी उभा होतो. डॉक्टरबाई तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होत्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे.

"ताई, तुम्ही उठा," त्या म्हणाल्या. "सर, तुम्ही इथं बसा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. वीस वर्षं पोरांना खोटं पकडलं की कान धरून बाकावर उभं केलं, आणि इथं माझं खोटं पकडणाऱ्या बाईनं मला नुसतं बसायला सांगितलं.

त्यांनी विचारलं ते साधंच होतं. झोप किती, भूक किती, दारू घेता का, घरात आधी कोणाला असं झालंय का, साखर कधी तपासली का. "बायको इथं थांबली तर चालेल ना, की एकट्यानं बोलायचंय?" हेही विचारलं. मी म्हणालो, थांबू द्या. मग कसलीही प्रस्तावना न करता त्यांनी विचारलं, "जगणं नकोसं होतं का? जीव द्यावासा वाटतो?" मला वाटलं होतं असं कोणी विचारलं तर जमीन दुभंगेल. तसं काही झालं नाही. मी म्हणालो, "हो." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं जरा हललं. माझ्या पाठीमागं बायकोनं श्वास सोडल्याचं ऐकू आलं.

हा आजार आहे, त्या म्हणाल्या. कारण सापडायलाच हवं असं नाही. गोळी रोज घ्यायची, फरक पडायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर घाई नको. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही. विहीर, शेताची औषधं, यांच्यापाशी काही दिवस एकट्यानं जायचं नाही, आणि मनात तसं आलं तर ताईंना सांगायचं, लगेच. रक्त तपासायचं. पंधरा दिवसांनी परत यायचं, बोलायला. मी विचारलं, "वायरी नाही लावणार?" त्या हसल्या. "सर, तुम्ही सिनेमे फार बघता."

मग त्यांनी केसपेपर उलटा करून बघितला. "हा ताईंच्या नावाचा आहे. तुमच्या नावाचा नवीन काढून आणा."

आणि इथं मी जे केलं तेही लिहितो. मी म्हणालो, "मॅडम, हिच्याच नावावर राहू द्या ना. माझी शाळा आहे. लोक काय म्हणतील? हिचं काय, ही घरीच असते."

घरीच असते. रोज सकाळी गावाची पोरं बोटाला लावून आणणारी बाई.

"न झालेला आजार मी ताईंना लिहून देऊ?" डॉक्टरबाईंनी विचारलं. आवाज चढवला नाही. मी जाऊन नवीन केसपेपर काढून आणला. जुना फाडून त्याचे तुकडे खिशात कोंबले.

परतीच्या जीपमध्ये आजी होतीच. आम्हाला बघून तिनं लगेच बाकीच्यांना सरकवलं. "बाईला खिडकीशी बसू द्या, तिला वारा लागला पाहिजे." सगळे सरकले, जरा जास्तच सरकले. नातू सवयीनं हिच्या मांडीकडं निघाला तर आजीनं त्याचा दंड धरून मागं ओढलं. "बसू नको तिथं, बाईला बरं नाय." तो रडला. मोखाड्यापर्यंत रडत होता. माझ्या खिशात माझ्या नावाचा कागद होता आणि मी मूग गिळून बसलो होतो.

गोळीनं गुण आला. पहिल्या आठवड्यात तोंड कोरडं पडायचं, मळमळायचं, मग हळूहळू झोप यायला लागली. एका सकाळी चहा गोड लागला. पण औषधानं सर्वांत आधी काय परत आणलं असेल तर लाज. आजारात मला कशाचंच काही वाटत नव्हतं. आता वाटायला लागलं आणि डोळे उघडून बघितलं तर पोरांची माळ छोटी झाली होती.

आधी आजीचा नातू माळेतून गळाला. मग शेजारची जुळी. आया आता चुलीपुढून हाक मारायच्या नाहीत, दारात येऊन उभ्या राहायच्या. "राहू द्या बाई, मीच सोडते मागनं." तोंडानं गोड. एकीनं तर विचारलं, "बाई, ते झटके कधी येतात तुम्हाला?" सेविका भली बाई, तिनं हिला सांगितलं, काही दिवस पोरं आणायला जाऊ नका, नुसती खिचडी बघा. मग खिचडीबद्दलही कुजबुज सुरू झाली. डोक्याच्या गोळ्या खाते, चुकून पातेल्यात काही पडलं तर? शेवटी शेवटी ती चार पोरं घेऊन आमच्या दारावरून जायची. मी खिडकीतून मोजायचो आणि खिडकीतून मागं सरायचो.

मी तिला विचारलं, "तू सांगत का नाहीस त्यांना?"

ती तांदूळ निवडत होती. "मी सांगितलं तर काय म्हणतील? वेडी बाई नवऱ्यावर ढकलते. तुम्ही सांगा ना."

मी म्हणालो, "सांगतो." आणि सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी जव्हारला गेलो, आलो. महिन्याभरानं पुन्हा गेलो. आमचा अर्ज तोच. केसपेपर मात्र मी कायम शर्टाच्या खिशात ठेवायचो, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. घरात ठेवला तर कोणाच्या हाती लागेल म्हणून.

मग सेविकेनं पालकांची बैठक बोलावली. हजेरी कमी झाली होती आणि तिला वर उत्तर द्यायचं होतं. मला म्हणाली, "गुरुजी, तुम्ही या. तुम्ही समजावलं तर ऐकतील." आमच्या गावात कसलीही बैठक असली की एक खुर्ची गुरुजींची. मी खुर्चीवर, बाया सतरंजीवर पोरं घेऊन बसलेल्या, चार-पाच पुरुष दाराशी उभे. बायको मागं शेगडीजवळ.

आजीच बोलली पहिली. वाईट मनानं नाही. "बाई चांगलीच हाये. पन डोकं बरं नाय तिचं, मी डोळ्यानं पाहिलंय दवाखान्यात. लहान पोरं हायेत. ती बरी होईस्तोवर दुसरी कोन तरी ठेवा." बाकीच्यांनी माना हलवल्या. कोणी विरोध केला नाही. एकीनं तर दुसरी कोण ठेवायची तिचं नावही सुचवलं. सेविका माझ्याकडं बघायला लागली. मी पाठीमागं बघितलं नाही, पण शेगडीजवळचा पळीचा आवाज थांबलेला मला कळला.

मी उभा राहिलो. म्हणालो, "ती आजारी नाही. मी आजारी आहे. दवाखाना माझा चाललाय. त्या दिवशी जीपमध्ये मी खोटं बोललो."

मग आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा," ती बाकीच्यांना म्हणाली, "याला म्हनायचं मानूस. बायकोचं सगळं आपल्या अंगावर घेतो." दाराशी उभा असलेला एकजण म्हणाला, "देवमाणूस आहेत गुरुजी." बायांनी माना हलवल्या, पहिल्यापेक्षा जोरात.

इतकी शरम मला आयुष्यात वाटली नसेल. मी खरं बोललो, तर त्यातूनही मीच मोठा झालो आणि ती आणखी वेडी. मी म्हणालो, "अहो, खरंच मी." आजी म्हणाली, "असू द्या गुरुजी, कळतंय आम्हाला." मला ओरडावंसं वाटलं. ओरडलो असतो तर त्याचंही कौतुकच झालं असतं.

मी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. कागद बाहेर काढला, आजीच्या हातात दिला. तिनं तो उलटसुलट बघून पुढं सरकवला. कागद या मांडीवरून त्या मांडीवर गेला. थांबला तो एका पोरीपाशी. ती पाड्यावरची, माझ्या शाळेतली, आमच्या गावात दिलेली, आता तिचंच पोर अंगणवाडीत येतं. तिला पहिलीत असताना वीटभट्टीवर जाण्यापासून मी थांबवलं होतं, तिच्या बापाशी भांडून. अक्षरावर बोट ठेवून वाचायला मीच शिकवलं.

"वाच," मी म्हणालो. "मोठ्यानं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला नको होतं. मग कागदावर बोट ठेवलं आणि वाचलं, एकेक शब्द सुटा करून. "रुग्णाचे नाव." पुढं माझं नाव, माझ्या बापाचं नाव, आडनाव. "वय." माझं वय. "पुरुष." शिक्का जरा पुसट होता, तिनं कागद उजेडाकडं धरला. "मानसोपचार." मग खाली तारखा. तीनही वाचल्या. ज्या ज्या दिवशी आम्ही जव्हारला गेलो होतो त्या तिन्ही. वाचून झाल्यावर तिनं कागदाची घडी घातली आणि उठून माझ्या हातात आणून दिली. मान खाली होती तिची. वाचताना चुकलेल्या पोराकडं मी बघायचो तसं कोणीतरी माझ्याकडं बघावं असं मला वाटलं, पण कोणीच बघत नव्हतं.

आजी सावकाश म्हणाली, "मग त्या दिवशी मी बाईला खिडकीशी बसवलं, तवा का नाय बोललात?"

मागं पळी पुन्हा हलायला लागली.

दुसऱ्या दिवशी लगेच सगळी पोरं आली असं नाही. सहा आली, मग आठ. त्या पोरीनं मात्र आपलं पोर सकाळी दारातूनच हिच्या हाती दिलं. पाड्यावर आता माझ्याकडं बघून बोलणं थांबतं. एका बापानं विचारलं, गुरुजी, पोरांना मारत तर नाही ना झटक्यात? विचारू दे. हे सगळं दोन महिने तिनं सोसलं होतं, मला आठ दिवसांत नको झालं.

परवा पुन्हा जव्हारचा दिवस आला. सकाळी ओटीवर बसून अर्ज लिहिला. 'मी स्वतः आजारी असल्याने.' आयुष्यात पहिल्यांदा. बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू. मी तो तिला दाखवायला घेऊन गेलो, शाबासकी मिळेल म्हणून. ती अंगणवाडीला निघायच्या घाईत केस विंचरत होती. तिनं अर्ज वाचला, परत दिला.

"बरं झालं," म्हणाली. मग केसांची गाठ मारत, "दवाखान्यात माझं नाव पुकारलं तेव्हा मी का उठले, ते नाही विचारलंत कधी."

खरंच नव्हतं विचारलं. मला वाटलं होतं, बायको आहे, उठणारच.

"मला वाटलं," ती म्हणाली, "मी नाही उठले तर तुम्ही तिथूनच परत फिराल. आणि परत फिरलात तर विहिरीकडंच जाल."

मी अर्जाची घडी घालत होतो. घडी नीट बसेना.

"फिरलो असतो," मी म्हणालो.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली, आणि चपला घालून पोरं आणायला निघाली.